बडोद्याला उंच मनोरा हवा का?

पावसाळा संपून हवा धुतली गेली की बडोद्यात तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून पूर्व-ईशान्येला पावागड दिसतो. रस्त्याने तो पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, सरळ रेषेत पस्तीस-चाळीस. पण त्याच गच्चीवरून वीस किलोमीटरवरच्या गावाची शेते मात्र दिसत नाहीत. मध्ये एकही इमारत नसती तरी ती दिसली नसती. दूरचा डोंगर दिसतो आणि त्याच्या अलीकडची जमीन दिसत नाही, असे का व्हावे?

शहराच्या मध्यभागी निरीक्षण मनोरा उभारावा की नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या कोड्यात आहे. जगात अनेक शहरांनी असे मनोरे बांधले. काही त्या शहरांची ओळख झाले, काही कर्जात बुडाले. बडोद्यासारख्या सपाट मैदानातल्या, जुन्या वस्तीच्या आणि विमानतळाला लागून असलेल्या शहराने हा विचार करताना काय काय तपासावे लागते, ते क्रमाने पाहता येईल.

उंची वाढते, क्षितिज मागे राहते

पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट जमीन हळूहळू नजरेच्या रेषेखाली उतरत जाते. ती जिथे नजरेआड होते ती रेषा म्हणजे क्षितिज. पाहणारा जितका उंच, तितके क्षितिज दूर. पण हे अंतर उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला 3.57ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे पुढचेही दिसते; ढोबळ हिशेबाला मात्र हे सूत्र पुरते.

दहा मीटर उंच गच्चीवरून क्षितिज साधारण 11 किलोमीटरवर असते. पावागडाच्या माथ्याची उंची सुमारे 800 मीटर. त्या माथ्यावरून पाहणाऱ्याचे क्षितिज शंभर किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे बडोदे त्याच्या टप्प्यात पुरते येते. माथ्यावरून गच्ची दिसते तर गच्चीवरूनही माथा दिसणारच. डोंगर दिसतो तो स्वतःच्या उंचीमुळे, पाहणाऱ्याच्या उंचीमुळे नव्हे. मधली शेते सपाट आहेत, म्हणून ती वक्रतेच्या आड जातात.

---
चौकट: किती उंचीवरून किती दूर

10 मीटर (तिसऱ्या-चौथ्या मजल्याची गच्ची): 11 किलोमीटर
25 मीटर: 18 किलोमीटर
40 मीटर: सुमारे 23 किलोमीटर
100 मीटर: सुमारे 36 किलोमीटर
150 मीटर: सुमारे 44 किलोमीटर
400 मीटर: सुमारे 71 किलोमीटर

क्षितिजाचे अंतर दुप्पट करायचे तर उंची चौपट लागते.
---

एकता नगरच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यातील प्रेक्षक सज्जा दीडशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. बडोद्यात तेवढाच उंच मनोरा बांधला तर कागदावर 44 किलोमीटरचे क्षितिज मिळेल. पण एकता नगरला सज्ज्यातून नर्मदा, सरदार सरोवराचे धरण आणि विंध्य-सातपुड्याच्या रांगा दिसतात. बडोद्याभोवती सपाट मैदान आहे. पावागड सोडला तर नजर खिळवून ठेवील असे त्या वर्तुळात फारसे काही नाही, आणि पावागड तर गच्चीवरूनच दिसतो.

शिवाय हवा. भूमितीने 44 किलोमीटर दिले तरी हवा तितके देईलच असे नाही. हवेतले बारीक धूलिकण, धूर आणि बाष्प प्रकाश विखुरतात. दूरच्या वस्तूंचा उठाव कमी होत जातो आणि एका अंतरानंतर त्या आकाशाच्या रंगात मिसळून जातात. हिवाळ्यात सकाळी थंड हवा जमिनीलगत अडकून राहते आणि शहराचा धूरही तिच्यात अडकतो. उन्हाळ्यात धूळ असते. वायव्येला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि त्याला जोडलेला पेट्रोरसायनांचा पट्टा आहे. दूरवरचे स्वच्छ दिसावे असे दिवस मुख्यतः पावसाळ्याच्या उघडिपीत आणि त्यानंतरच्या थोड्या आठवड्यांत मिळतात. क्षितिजासाठी तिकीट काढून वर गेलेल्याला वर्षातल्या बहुतेक दिवशी करडी कड दिसेल.

उंचीवरून खरे काय दिसते

तरीही माणसे उंचावर जातात आणि आनंदाने खाली येतात, कारण मनोऱ्याचे खरे देणे क्षितिज नसून शहराचा आराखडा असतो. रस्त्यावरून चालताना एका वेळी एकच गल्ली दिसते. वरून गल्ल्यांचा एकमेकींशी असलेला संबंध दिसतो.

बडोद्याच्या बाबतीत हा आराखडा फार बोलका आहे. जुन्या कोटातल्या शहराच्या मधोमध मांडवी, खांबांवर उभी असलेली जुनी वास्तू. तिच्यापासून चार दिशांना चार सरळ रस्ते निघतात आणि चार दरवाजांना भिडतात: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. मांडवीखालच्या गर्दीतून वाट काढणाऱ्याला ही चौकोनी मांडणी कळत नाही. तीस-चाळीस मीटरांवरून ती एका नजरेत उलगडते. चार रस्त्यांच्या मधल्या भागांत पोळी (दरवाजाआडच्या गल्लीवस्त्या), वाडे आणि त्यांचे चौक आहेत. रस्त्यावरून फक्त दरवाजे दिसतात, चौक वरूनच दिसतात.

लहेरीपुरा दरवाजाच्या बाहेर दुसरे शहर सुरू होते. मध्ये सुरसागर आणि त्यातली 111 फुटी शिवमूर्ती, शेजारी 1896चे न्यायमंदिर. पुढे लक्ष्मीविलास राजवाडा: मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला आणि 1881मध्ये त्यांच्या निधनानंतर रॉबर्ट चिझम यांनी 1890मध्ये पुरा केलेला. त्यापलीकडे विश्वामित्री, 1879ची सयाजीबाग, चिझम यांनीच घडवलेला बडोदा कॉलेजचा मोठा घुमट आणि आणखी पश्चिमेला स्टेशनापलीकडची वस्ती. महाराजा तिसऱ्या सयाजीरावांनी कोटाच्या बाहेर नवे शहर वसवले, हा बडोद्याच्या इतिहासातला मोठा निर्णय. पुस्तकात तो पानभर वाचावा लागतो. सुरसागराच्या काठी मध्यम उंचीवर उभे राहून एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला पाहिले की तो डोळ्यांना समजतो.

इथे उंचीची एक कमाल मर्यादा लागू होते, आणि ती इमारतीची नसून डोळ्याची आहे. डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी माणसाची नजर आणि रस्ता यांचा संबंध आयुष्यभर अभ्यासला. त्यांच्या मते पाचव्या मजल्याच्या वर गेले की रस्त्यावरच्या जीवनाशी असलेला संबंध तुटतो. चेहरे, हालचाली, बोलणे काहीच पोचत नाही. पाहण्याचा कोनही महत्त्वाचा. कठड्याशी उभा असलेला माणूस सहजपणे क्षितिजाच्या थोडे खाली, दहा अंशांच्या आसपास पाहतो. सरळ पायांशी पाहायला त्याला वाकावे लागते. दहा अंशांच्या कोनातली नजर शंभर मीटर उंचीवरून सुमारे 570 मीटर अंतरावर जमिनीला टेकते, चाळीस मीटरांवरून सुमारे 230 मीटरवर. जुन्या बडोद्यात पाहण्यासारखे जे आहे ते पायी दहा-पंधरा मिनिटांच्या परिघात सामावलेले आहे. फार उंच मनोऱ्यावरून सहज नजर या परिघाचा निम्मा भाग ओलांडूनच पुढे टेकेल, आणि खालचे वाडे नुसते पत्र्यांचे आणि गच्च्यांचे तुकडे होतील.

अहमदाबादला साबरमतीकाठी आश्रम रोडवर हसमुख पटेल यांनी उभारलेले 'पतंग' हे फिरते उपाहारगृह 1980च्या दशकापासून लोकांना परिचित आहे. त्याची उंची सत्तर मीटरांच्याही आतली. लोकांच्या लक्षात राहते ती खालची नदी आणि तिच्यावरचे पूल, दूरचे क्षितिज नव्हे.

वाऱ्याचा हिशेब

आता उंचीची किंमत. मनोऱ्याच्या अभियांत्रिकीत वजनापेक्षा वारा मोठा प्रतिस्पर्धी असतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक ठरलेले आहे. त्यात बडोद्यासाठी धरलेला मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी 158 किलोमीटर आहे. रोजचा वारा असा नसतो. पण बांधकाम आयुष्यात एकदा येऊ शकणाऱ्या वादळासाठी करायचे असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 44 मीटर वेगाला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 118 किलो वजनाइतका दाब पडतो. जमिनीलगत घरे आणि झाडे वाऱ्याला अडवतात. वर जावे तसा त्याचा वेग वाढतो. वेग वीस टक्क्यांनी वाढला तर दाब 44 टक्क्यांनी वाढतो.

याहून कठोर गोष्ट म्हणजे मनोऱ्याच्या बुंध्यावर येणारा मोडण्याचा जोर. वारा मनोऱ्याला उंचीभर आडवा ढकलतो आणि बुंधा ते सारे पेलतो. वाऱ्याचा दाब सगळीकडे सारखा धरला तरी उंची दुप्पट केली की बुंध्यावरचा हा जोर चौपट होतो. वरच्या वेगवान वाऱ्यामुळे प्रत्यक्षात चौपटीहून जास्त. दुसऱ्या बाजूला उंची दुप्पट केल्याने क्षितिज फक्त 41 टक्क्यांनी लांबते. बांधणीचा भार वर्गाने वाढतो आणि दृश्य वर्गमुळाने. उंच मनोऱ्यांच्या सगळ्या अर्थशास्त्राच्या मुळाशी हे दोन आकडे आहेत. सपाट प्रदेशात ते जास्तच बोचतात, कारण तिथे वाढलेल्या दृश्यात नवे काही भरत नाही.

वारा आणखी एका प्रकारे त्रास देतो. गोल खांबाला वळसा घालून जाणारा वारा मागे भोवरे सोडतो, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, ठरावीक तालात. प्रत्येक भोवरा मनोऱ्याला आडवा हिसका देतो. मनोऱ्यालाही डोलण्याचा स्वतःचा ताल असतो. दोन्ही ताल जुळले तर काय होते, ते बडोद्याच्या घराघरांतला झोपाळा सांगतो. झोपाळ्याला कुठल्याही वेळी धक्का दिला तर तो अडखळतो; परत येण्याच्या नेमक्या क्षणी बोटाने ढकलले तरी तो उंच उंच जातो. मनोऱ्याचेही असेच असते. आठ मीटर व्यासाचा गोल मनोरा दोन सेकंदांत एकदा डोलत असेल, तर सेकंदाला वीस मीटरांच्या वाऱ्यात, म्हणजे ताशी 72 किलोमीटरला, हे ताल जुळतात. त्याला वादळ लागत नाही. वळवाच्या पावसाआधीचा जोरदार वारा पुरतो. मनोरा कोसळला नाही तरी वरच्या सज्ज्यातल्या माणसांना भोवळ येईल.

यावर उपाय आहेत. मनोरा वरती निमुळता केला, त्याच्या पृष्ठभागाला खाचा किंवा छिद्रे ठेवली की भोवऱ्यांचा ताल मोडतो. दुसरा उपाय म्हणजे वरच्या भागात एक जड वस्तुमान असे बसवायचे की ते मनोऱ्याच्या उलट लयीत हलेल आणि त्याची ऊर्जा शोषून घेईल. एकता नगरच्या पुतळ्यात असे 250 टनांचे दोन शामक बसवलेले आहेत. पुतळा पायाशी अरुंद आणि वर रुंद आहे, त्यामुळे ते आवश्यकच होते. उपाय खात्रीचे आहेत, पण प्रत्येक उपायासाठी पैसा लागतो आणि पुढे कायमची निगा लागते.

जमिनीचा प्रश्न त्यामानाने साधा आहे. बडोदे नदीने आणलेल्या गाळाच्या थरांवर वसलेले आहे. उंच बांधकामाला खोल खांबांचा पाया घ्यावा लागेल. पाण्याचा विचार अधिक काळजीने करावा लागेल. विश्वामित्री पावागडावरूनच उगम पावते आणि शहराच्या मधून जाते. ऑगस्ट 2024च्या पुरात तिचे पाणी धोक्याच्या 25 फुटांच्या पातळीवर दहा फुटांहून जास्त चढले आणि वस्त्यांत शिरले. लिफ्टची वीज आणि पंप तळघरात ठेवणारा आराखडा बडोद्यात चालणार नाही.

आकाशातली आणि जमिनीवरची बंधने

किती उंच बांधायचे हे फक्त शहराच्या हाती नसते. विमानतळ हरणीला आहे, जुन्या शहरापासून हवाई अंतराने चारेक किलोमीटरवर. विमाने उतरताना आणि वळताना खाली मोकळी जागा लागते, म्हणून मोठ्या धावपट्टीभोवती आंतरराष्ट्रीय मानकांनुसार काल्पनिक पातळ्या आखलेल्या असतात. साधारण चार किलोमीटरच्या परिघात विमानतळाच्या पातळीपासून 45 मीटर उंचीवर एक आडवी पातळी असते. त्यापुढे ती हळूहळू वर चढते. या पातळ्यांना भेदणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळणे अवघड असते. नेमक्या जागी किती उंची चालेल हे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे रंगीत नकाशे आणि ना-हरकत प्रमाणपत्र ठरवतात. पण मांडवी-रावपुरा भाग या वर्तुळाच्या कडेशी येतो, हे नकाशावर मोजपट्टी ठेवली तरी दिसते. शंभर-दीडशे मीटरांचा मनोरा 'मध्यवर्ती शहरात' हवा असेल, तर पहिला अडथळा इथेच आहे.

दुसरे बंधन जमिनीवरचे. दांडिया बाजाराच्या परिसरात तांबेकर वाडा आहे. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा चार मजली लाकडी वाडा, भिंतींवरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेला. 2010च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरांपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. जुन्या, दाट वस्तीत तीनशे मीटर म्हणजे बराच मोठा टापू. हा कायदा विकासाच्या आड येतो अशी तक्रार ऐकू येते. पण मराठी बडोद्याची इतकी जिवंत साक्ष देणाऱ्या वास्तू आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. जुने शहर दाखवण्यासाठी बांधलेल्या मनोऱ्याने जुन्या शहराचाच घास घ्यावा, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

वर गेलेली माणसे खाली कशी येतात

प्रेक्षकांना वर नेणे ही मनोऱ्याची सोपी बाजू आहे. समजा दोन लिफ्ट आहेत, प्रत्येकीत पंधरा माणसे मावतात आणि एका फेरीला चढ-उतारासह तीन मिनिटे लागतात. ताशी वीस फेऱ्या, म्हणजे सहाशे माणसे वर जाऊ शकतात. वरच्या सज्ज्यात दोनशे माणसे मावत असतील आणि प्रत्येक जण अर्धा तास थांबत असेल, तर सज्जा ताशी चारशेच माणसे सामावू शकतो. अडते ते लिफ्टपाशी नव्हे, वर. उतरायला माणसे तयार नसताना खालून माणसे येतच राहिली की सज्जा भरतो आणि मग धोका सुरू होतो. म्हणून वेळ ठरवून दिलेली तिकिटे आणि वर-खाली गेलेल्यांची मोजणी ही सुरक्षेची साधने आहेत, सोयीची नव्हेत.

लिफ्ट बंद पडली तर उरतो तो जिना. 4 डिसेंबर 1981 रोजी दिल्लीच्या कुतुबमिनारात वीज गेली. अरुंद, गोल जिन्यात अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि 45 जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. मिनाराच्या बांधणीला काहीच झाले नव्हते. तेव्हापासून मिनारावर चढणे बंद आहे. उंच जागेत एकमेकांपासून वेगळे, धुरापासून सुरक्षित असे दोन जिने हवेत, विजेची स्वतंत्र सोय हवी, अग्निशमन दलाची शिडी किती उंच पोचते ते माहीत हवे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार पंधरा मीटरांपुढची प्रत्येक इमारत 'उंच इमारत' मानली जाते आणि तिला अग्निसुरक्षेचे कडक नियम लागू होतात.

बडोद्याला या विषयावर दुरून उदाहरणे शोधण्याची गरज नाही. 18 जानेवारी 2024 रोजी हरणीच्या तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका बुडाल्या. त्याच वर्षी 25 मे रोजी राजकोटच्या खेळघराला आग लागून 27 जणांचा जीव गेला. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. दोन्ही ठिकाणी करमणुकीची सोय उभी होती आणि तिच्यावर रोज देखरेख करणारी यंत्रणा नव्हती. सार्वजनिक करमणुकीचा नवा प्रकल्प मांडताना शहराने सर्वांत आधी विचारावे ते हे: क्षमतेपेक्षा एक माणूस जास्त आला तर त्याला थांबवण्याचा अधिकार कोणाला, आणि तो अधिकार तिकिटाच्या उत्पन्नावर जगणाऱ्यापासून वेगळा आहे का? या प्रश्नाचे लेखी उत्तर नसेल तर कुदळ मारू नये.

दहाव्या वर्षी तिकीट कोण काढते

मनोऱ्याचा खर्च दोन प्रकारचा. बांधणीचे कर्ज आणि रोजचे चालवणे. दोन्ही खर्च प्रेक्षक आले तरी होतात, न आले तरी होतात. समजा शंभर कोटींचे कर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले. वर्षाचा हप्ता अकरा कोटींच्या आसपास येतो. चालवण्याला सहा कोटी धरले तर वर्षाला सतरा कोटी मिळायला हवेत. तिकीट अडीचशे रुपये ठेवले तर वर्षाला 6 लाख 80 हजार माणसे लागतील, रोज साधारण 1,860. 2011च्या जनगणनेत बडोद्याची लोकसंख्या 16 लाख 70 हजार होती. म्हणजे शहरातल्या दर पाच माणसांपैकी दोघांनी दर वर्षी वर जायला हवे, आणि हे वीस वर्षे चालायला हवे.

स्थानिक माणूस एकदा जातो, पाहुणे आले की पुन्हा एकदा. पहिल्या वर्षीची गर्दी ही कुतूहलाची गर्दी असते. त्यानंतर बाहेरगावचे पर्यटक लागतात. ते बडोद्याला येतात ते बहुधा एकता नगरला जाण्यासाठी, आणि उंचावरून पाहण्याची त्यांची हौस तिथेच भागते. ज्यांना डोंगरावरून पाहायचे आहे त्यांच्यासाठी पावागड आहे: 1986पासून रज्जुमार्ग आहे, वर कालिकामातेचे देऊळ, खाली 2004पासून जागतिक वारसा यादीत असलेले चांपानेर. निसर्गाने आठशे मीटरांचा मनोरा तासाभराच्या वाटेवर आधीच ठेवला आहे.

इंग्लंडच्या ब्रायटन शहराचा अनुभव इथे शिकवणारा आहे. समुद्रकाठी 2016मध्ये 162 मीटर उंच, अवघा चार मीटर जाड असा मनोरा उभा राहिला. त्याभोवती काचेचा गोल कक्ष वर-खाली सरकतो. अभियांत्रिकी उत्तम होती. नगरपालिकेने जवळपास 36 दशलक्ष पौंड कर्जाऊ दिले. प्रेक्षक अंदाजाइतके आले नाहीत, व्याज साचत गेले. 2024च्या शेवटी मनोरा बंद पडला आणि नगरपालिकेला सुमारे 51 दशलक्ष पौंडांवर पाणी सोडावे लागले. पुढच्या वर्षी नव्या मालकाने तो पुन्हा उघडला. शहराचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

जे मनोरे टिकले त्यांतल्या अनेकांना दुसरे कामही होते. पॅरिसचा आयफेल मनोरा 1889च्या प्रदर्शनासाठी, वीस वर्षांच्या परवान्यावर उभारला गेला. तो वाचला यात बिनतारी संदेशांच्या उपयोगाचा मोठा वाटा होता. टोरंटोचा 1976चा 553 मीटरांचा मनोरा आणि टोकियोचा 2012चा 634 मीटरांचा मनोरा हे मुळात प्रक्षेपणासाठी आहेत. दृश्य ही तिथे जोडकमाई आहे. बडोद्यालाही हे नवीन नाही. रावपुऱ्यातला 1896चा चिमणाबाई मनोरा, ज्याला सगळे रावपुरा टॉवर म्हणतात, तो सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ बांधला, पण त्याने लोकांना वेळ दाखवली. घरोघरी घड्याळे नव्हती त्या काळात त्याची गरज होती. आज केवळ दृश्य विकणाऱ्या मनोऱ्याला असे दुसरे काम सापडत नाही. मोबाइलचे जाळे लहान लहान खांबांवर चालते.

बडोद्याला शोभेल अशी उंची

वरचे सगळे धागे एकाच दिशेला जातात. बडोद्याला शंभर मीटरांचा मनोरा नको. पंचवीस-तीस मीटरांची, भरपूर रुंद, सार्वजनिक गच्ची हवी. या उंचीला आराखडा दिसतो, वाड्यांचे चौक दिसतात, पावागडही दिसतो. विमानतळाच्या 45 मीटरांच्या पातळीखाली ती सहज बसते, वाऱ्याचा जोर साध्या चौकटीने पेलता येतो, आणि लिफ्ट बंद पडली तरी माणूस आठ मजले पायी उतरू शकतो.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराने 2011मध्ये जुन्या वस्तीच्या मधोमध असेच केले. लाकडी जाळीच्या प्रचंड छत्र्या, उंची सव्वीस मीटरांच्या आसपास; खाली बाजार, तळात खोदकामात सापडलेल्या रोमन अवशेषांचे संग्रहालय, वर फिरण्याची वाट. खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला, हेही सांगायला हवे. पण बाजार, संग्रहालय आणि गच्ची मिळून ती जागा चालते. एकट्या तिकिटावर तिचा भार नाही.

बडोद्यात अशी जागा सुरसागर आणि न्यायमंदिर यांच्या आसपास शोधावी लागेल, कारण दोन शहरांची शिवण तिथे आहे. न्यायालये 2018मध्ये नव्या इमारतीत गेल्यापासून न्यायमंदिराच्या वापराचा प्रश्न समोर आहेच. तिथे संग्रहालय झाले, तर शहराची कथा आत वाचून बाहेर गच्चीवरून पाहता येईल. गच्ची मात्र न्यायमंदिरावर चढवू नये. तिच्यासाठी जवळची साधी, नवी इमारत निवडावी. खाली बहुमजली वाहनतळ असेल तर उत्तमच, कारण या भागाला त्याची निकड आहे आणि त्याचे उत्पन्न प्रेक्षकांवर अवलंबून नसते. रावपुरा टॉवर किंवा मांडवी लोकांना चढण्यासाठी उघडण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण अरुंद जिन्यांच्या जुन्या वास्तूंत गर्दी नेणे म्हणजे कुतुबमिनाराचा धडा विसरणे होय. मांडवीच्या खांबांची झीज हा तर अलीकडे शहराच्या काळजीचा विषय झाला आहे.

म्हणून पैशांचा क्रमही ठरतो. मांडवी आणि रावपुरा टॉवरची बांधणी तपासून डागडुजी आधी करावी. मग गच्चीची जागा निवडावी, तांबेकर वाड्यापासूनचे अंतर आणि विमानतळाच्या पातळ्या तपासून. आराखड्याबरोबरच क्षमतेचा आकडा, दोन जिने, पुराच्या पातळीच्या वर ठेवलेली वीज आणि देखरेखीचा स्वतंत्र अधिकारी हे सारे निविदेतच लिहिलेले असावे. तिकीट इतके कमी हवे की पाणीगेटच्या पोळीत राहणाऱ्या मुलीलाही आपल्या घराचा चौक वरून पाहता यावा.